देवराईवाल्याच्या हातात करवत

2022 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. कामासाठी केंब्रिजला येऊन चार महिने झाले होते. वीकेंड म्हणजे भाड्याची खोली, हीटर आणि यूट्यूब. ऑफिसातला एकजण म्हणाला, "शनिवारी जंगलात येतोस का? संवर्धनाचं काम असतं." मला वाटलं झाडं लावायची असणार. भिंतीवरचं 'झाडे लावा, झाडे जगवा' वाचत मोठे झालेलो आपण, संवर्धन म्हणजे दुसरं काय असणार?

पोचलो तर हातात करवत दिली.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या गावाला देवराई आहे. आजोबा तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी आणू द्यायचे नाहीत. लहानपणी एकदा मी तिथून एक काठी उचलून आणली, तर भर उन्हात परत ठेवायला पाठवलं होतं. आणि इथे एक सत्तरीच्या बाई मला जितंजागतं हेझल दाखवून म्हणतायत, "जमिनीलगत काप. तिरका काप, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही." (हेझल म्हणजे तेच, न्यूटेलावालं.) दुसरं हत्यार होतं बिलहुक. हा तर थेट आपला कोयता! तेवढं एक ओळखीचं निघालं.

मी उभाच. बाईंनी थर्मासमधला चहा दिला आणि समजावलं.

याला कॉपिसिंग म्हणतात. झाड मारायचं नाही, बुडख्यापासून कापायचं. मुळं जिवंत असतात, वसंतात धुमारे फुटतात आणि सात-दहा वर्षांत काठ्या पुन्हा कापायला तयार. आपल्याकडे सागाच्या बुडख्यालाही फुटतातच की धुमारे. जंगलाचे तुकडे पाडायचे आणि दर हिवाळ्यात एकेक तुकडा कापायचा. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये हे 1252 पासून चालू असल्याची नोंद आहे. जळण, कुंपण, अवजारांचे दांडे, सगळं त्यातून यायचं. म्हणजे पावणेआठशे वर्षं चालू असलेला क्रॉन जॉब म्हणा ना!

आणि तो कुणीतरी बंद केला. कुणी म्हणजे कोळशाने, रेल्वेने, स्वस्त लाकडाने. विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी कापणी थांबली. लोकांना वाटलं, चला, जंगल सुटलं. पण झाडं वाढली, वर छत मिटलं, खाली काळोख झाला. इतकी शतकं त्या उघडमिटीवर जगणारे जीव अडचणीत आले. कापलेल्या तुकड्यात दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात फुलांचा सडा पडतो, तो बंद. जंगली व्हायोलेटवर वाढणाऱ्या फ्रिटिलरी फुलपाखरांच्या अळ्यांना उबदार, उघडी जागा लागते, ती गेली. नाइटिंगेल काही वर्षं वाढलेल्या दाट झुडपात घरटं करतो. गेल्या पन्नासेक वर्षांत इंग्लंडमधले नव्वद टक्क्यांहून जास्त नाइटिंगेल नाहीसे झाले. त्याची कारणं अनेक आहेत, पण जंगलातली ही खालची झुडपं जाणं हे त्यातलं एक.

म्हणजे कुणी हात लावला नाही, म्हणून नुकसान झालं. हे पचायला मला जड गेलं, खोटं कशाला बोलू?

केंब्रिजच्या पश्चिमेला हेली वुड आहे. तिथे 1960 च्या दशकात कापणी पुन्हा सुरू केली. ओलिव्हर रॅकहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाने (1939-2015) या जंगलाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जुने मठांचे दप्तर वाचायचे आणि मग चिखलात जाऊन बुडखे मोजायचे, असा माणूस. त्यांची पुस्तकं मी नंतर वाचली आणि वीकेंडचा प्रश्न मिटला.

पण म्हणून उठसूट करवत घेऊन निघावं असंही नाही हं. पोकळ झालेली म्हातारी झाडं आणि कुजणारी खोडं यांवर जगणारे भुंगेरे, बुरशी, वटवाघळं असतात. सगळंच दर दहा वर्षांनी कापलं तर म्हातारं व्हायचं कुणी? वाय नदीच्या खोऱ्यातलं लेडी पार्क वुड 1944 पासून मुद्दाम न कापता ठेवलंय, काय होतं ते बघायला. दोन्ही प्रकार लागतात. आजोबा त्यांच्या जागी बरोबरच होते. देवराईतल्या जिवांना शतकानुशतकं कुणी हात न लावण्याची सवय आहे.

तर त्या दिवशी मी दहा बुडखे कापले. पहिल्याला अर्धा तास लागला. हात थरथरत होते, थंडीने म्हणा हवं तर.

खरा व्हिलन पुढे आला. मुंटजॅक! आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. शंभरेक वर्षांपूर्वी हौसेने वोबर्नच्या बागेत आणून सोडलेला, तो तिथून पसरला. त्याला खाणारे लांडगे आणि लिंक्स ब्रिटनमधून कधीच संपलेत. कोवळे धुमारे म्हणजे याचं सॅलड. कुंपणाला पैसे पुरले नव्हते, त्यामुळे आमचा निम्मा तुकडा उघडाच होता. नुसत्या तोडलेल्या फांद्या वर रचल्या होत्या.

2024 च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. कुंपणाच्या आत ऑक्सलिप फुललं होतं, फिक्या पिवळ्या झुबक्यांनी जमीन भरलेली. हे फूल ब्रिटनमध्ये मुख्यतः याच कोपऱ्यात, सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशर जिथे भेटतात तिथे सापडतं. धुमारे माझ्या डोक्याच्या वर गेलेले. मी पंधरा-वीस फोटो काढून आईला पाठवले.

रात्री फोन आला. "फुलं छान आहेत रे. पण तू कापलेली झाडं जगली ना?"

नऊ जगली होती. पहिलं कुंपणाबाहेर होतं. भेकराच्या भावाने त्याचे धुमारे दोन्ही वर्षं खाऊन टाकले. बुडखा काळा पडलाय, साल निघून येतेय. तसं सांगितलं.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता जाशील तेव्हा आधी कुंपण घाल, मग काप."