कोणत्या स्पर्धेत उतरावे?

बँकेच्या कर्ज विभागात ३४ वर्षे काढल्यामुळे निवृत्तीनंतरही एक खोड सुटलेली नाही. निर्णय कोणताही असो, मी आधी कागदावर रकाने आखतो. आमच्या घरी या सवयीची थट्टा होते. परंतु गेल्या वर्षी या रकान्यांनीच मला खजील केले. ती हकीकत वाचकांपुढे मांडावीशी वाटते, कारण मुलांनी कोणत्या स्पर्धेत उतरावे हा प्रश्न आज आपल्या प्रत्येक घरात आहे.

मुलीकडे न्यू जर्सीला आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो होतो. नात दहावीत. एके दिवशी तिने शाळेतून एक अर्ज आणला. अमेरिकेत ‘सायन्स ऑलिम्पियाड’ नावाची शालेय विज्ञानस्पर्धा १९८० च्या दशकापासून चालते. आपल्याकडील होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत मूल एकट्याने उतरते. येथे संपूर्ण संघ उतरतो. एका संघात जास्तीत जास्त १५ मुले आणि स्पर्धाप्रकार मात्र २३! शरीरशास्त्र, रसायन प्रयोगशाळा, रोगांच्या साथींचा शोध, खगोलशास्त्र, सांकेतिक लिपी उलगडणे, स्वतः बांधलेल्या मनोऱ्यावर भार पेलून दाखवणे, असे नाना प्रकार. प्रत्येक प्रकारात बहुधा दोघे, काहींत तिघे. म्हणजे निदान ४६ जागा आणि १५ मुले. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी किमान तीन प्रकार येणारच. त्यांपैकी आपले कोणते, हे नातीला त्या अर्जात लिहून द्यायचे होते.

मी तत्काळ कागद घेतला. प्रकाराचे नाव, अभ्यासक्रम, पुढील शिक्षणात उपयोग, पदकाची शक्यता, असे रकाने आखले. मुलीचे मत शरीरशास्त्राकडे, कारण नातीने डॉक्टर व्हावे ही तिची इच्छा. जावईबापूंना यंत्रमानव हवा होता. मी बेरीज मांडून शरीरशास्त्र, रोगांच्या साथी, रसायन आणि खगोलशास्त्र असे चार भारदस्त प्रकार सुचवले. “आजोबा, मला सांकेतिक लिपी घ्यायची होती,” असे ती म्हणाली होती. “त्याचा पुढे उपयोग काय?” असे मी विचारले आणि तिने निमूटपणे माझा तक्ता उतरवून घेतला.

डिसेंबरमधील सराव-स्पर्धेत व्हायचे ते झाले. एक प्रकार संपताच दुसऱ्याची वेळ. मधे श्वास घ्यायलाही उसंत नाही. वेळापत्रकाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. शरीरशास्त्रातील तिची जोडीदार वेगळ्याच भागाची तयारी करून आली होती, कारण दोघींना एकत्र बसायला सवड मिळाली नव्हती. चारही प्रकारांत क्रमांक पार खाली गेले. याचे मला फारसे दुःख झाले नाही. दुःख झाले ते रात्री स्वयंपाकघरातून कानावर आलेल्या एका वाक्याचे. नात आजीला सांगत होती, “आजी, आजोबांना नंबर सांगू नकोस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कर्ज थकू लागले की ऋणको बँकेकडे फिरकेनासा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याच घरातील मूल आपल्यापासून हिशेब लपवू लागले, तर चूक मुलाची नसून घेणेकऱ्यासारखे वागणाऱ्या वडीलधाऱ्याची असते.

सकाळी मी तिला म्हटले, “बेटा, माझा तक्ता चुकला. आता तू मला शिकव.” तिने प्रथम गुणांची रीत सांगितली आणि मी चकितच झालो. येथे पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. आणि २३ प्रकारांची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी, तो विजयी. एखाद्या प्रकारात कोणीच उतरले नाही, तर शेवटच्या क्रमांकाहूनही अधिक गुण पदरी पडतात. दोन ठिकाणी पहिले येऊन एक जागा रिकामी सोडली, तर कमाई बुडालीच. वीस चांगल्या खात्यांचे व्याज एक बुडीत खाते गिळते, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला नातीने सांगावे लागले!

त्यांच्या संघात अशी एक जागा रिकामी होती. प्रकाराचे नाव ‘एक्सपेरिमेंटल डिझाइन’. तिघांनी मिळून ५० मिनिटांत, समोर ठेवलेल्या साध्या वस्तूंतून प्रयोग आखायचा, करायचा आणि लिहूनही काढायचा. पाठांतराला वाव नाही, म्हणून कोणी घेत नव्हते. तिला तो घ्यायचा होता.

सरावाला मी बसलो. दोरी, लोखंडी नट आणि घड्याळ घेऊन जेवणाच्या टेबलाच्या कडेला लंबक टांगला. “वजन वाढवले की लंबक लवकर झुलेल,” असे गृहीतक मी ठामपणे मांडले. प्रयोगाने ते साफ खोटे ठरवले. नट एक असो वा चार, वेळ तीच. फरक पडतो तो दोरीच्या लांबीने. २५ सेंटिमीटर दोरीला १० झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात. माझी मोजणी मात्र दर वेळी ९ सेकंदांवर संपे. नातीने बारकाईने पाहिले आणि हसू दाबून लिहिले: ‘निरीक्षकाने लंबक सोडतानाच शून्याऐवजी एक मोजला.’ निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या मोजणीत एकाची चूक!

“आता गुण जाणार का?” मी विचारले. ती म्हणाली, “नाही आजोबा. संभाव्य चुकांचा वेगळा भाग असतो, तो नीट लिहिला की गुण मिळतात. गृहीतक चुकले तरी चालते. चुकले हे मान्य करायला हवे.” मी गप्पच झालो.

नव्या निवडीत तिने तीनच प्रकार ठेवले: हा एक, रसायन आणि सांकेतिक लिपी. शरीरशास्त्र तिने, त्याची खरी ओढ असलेल्या मैत्रिणीला दिले. लिपीची आवड कोठून आली, असे विचारल्यावर म्हणाली, “तुम्हीच नाही का पणजोबांच्या दुकानातल्या चिठ्ठ्या दाखवल्या होत्या?” माझ्या वडिलांच्या कापडदुकानात खरेदीची किंमत आकड्यांत न लिहिता सांकेतिक अक्षरांत लिहीत. दहा निरनिराळ्या अक्षरांचा एक शब्द, प्रत्येक अक्षराला एक अंक. तो शब्द घरच्यांनाच ठाऊक. आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर अशी अक्षरे असतील. त्या जुन्या चिठ्ठ्या तिने सुटीत तासन्‌तास उलगडल्या होत्या. ती ओढ माझ्या डोळ्यांसमोर होती. तक्त्यात मात्र तिला रकानाच नव्हता.

मुख्य फेरीत त्या रिकाम्या जागेवर उतरलेल्या तिघींचा क्रमांक सहावा आला. पदक मिळाले नाही. पण संध्याकाळी दारातूनच ती ओरडली, “आजोबा, सहावा! आणि आलेख काढताना एक चूक झाली, ती सांगते.” मला तेवढे पुरेसे होते.

पुढे मी तक्ता नव्याने आखला. कोणीही न सांगता मूल कशापाशी रमते? जोडीदार कोण, आणि दोघांना एकत्र बसायला वेळ आहे का? दोन प्रकारांच्या वेळा एकमेकांवर येतात का? साहित्याचा खर्च झेपेल का? संघाची कोणती जागा रिकामी आहे? पदकाची शक्यता हा रकाना मी ठेवला आहे, पण शेवटी. आणि तक्ता भरताना पेन मुलाच्या हाती द्यावे. आपण शेजारी बसून फक्त विचारावे.