उंबरठ्यावरचे दोन सेकंद

आमच्याकडे नवी वही आणली की तिच्या पहिल्या पानावर कुणी हिशेब लिहीत नाही. त्या पानावर ‘श्री’ काढायचा, हळद-कुंकवाचे बोट लावायचे आणि पान उलटायचे. व्यवहाराच्या दृष्टीने ते पान वायाच गेले म्हणायचे! पण त्या पानावाचून वही आपली वाटत नाही, हेही तितकेच खरे.

मोबाइलवरचे ॲप उघडताना क्षणभर जे चित्र झळकते, त्याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. मराठीत त्याला अजून घरचे नाव मिळालेले नाही. मी आपली त्याला ‘उंबरठा’ म्हणते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असा एक उंबरठा सजवण्याचे काम माझ्या वाट्याला आले, आणि तेव्हापासून या दोन सेकंदांच्या चित्राने माझ्या मनात घर केले आहे.

तसे पाहिले तर ही कल्पना नवी नाही. ग्रंथाला मंगलाचरण असते, संगीत नाटकाला नांदी असते. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी आठवा. तिच्या चित्रपटाआधी तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर येई आणि प्रेक्षक सावरून बसत. आकाशवाणीची सकाळची धून वॉल्टर कॉफमन नावाच्या परदेशातून आलेल्या संगीतकाराने बांधली. ती वाजली की आजोबा म्हणत, “लागलं रे टेशन!” बातम्या अजून सुरू व्हायच्या असत; पण पेटी जिवंत आहे, हे कळलेले असे.

मोबाइलचा उंबरठाही नेमके हेच काम करतो. ॲपवर बोट ठेवले की फोनला ते साठवणीतून उचलून स्मृतीत आणावे लागते, त्याची जुळणी करावी लागते, मग पहिले पान रंगवावे लागते. फोन महागडा असेल तर हे सारे पापणी लवते न लवते तोच होते. आमच्यासारख्यांच्या स्वस्त आणि जुन्या फोनवर मात्र वेळ लागतो. तेवढा वेळ पडदा पांढरा फटक राहू नये म्हणून ते चित्र! २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून तर फोन स्वतःच प्रत्येक ॲपला असा उंबरठा देतो. मध्यभागी खूण, मागे एक रंग, आणि पहिले पान तयार होताच दोन्ही दूर! थंड पडलेले ॲप उघडायला पाच सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर अँड्रॉइडच्या मोजमापात तो दोष धरला जातो.

पाच सेकंद म्हणजे ते काय, असे शहरातल्या मित्रांना वाटेल. त्यांनी आमच्या आंजीला यावे आणि माझ्या बाबांना धुऱ्यावर उभे राहून फोन उघडताना पाहावे. शेतीच्या कामाचे एक ॲप आहे. नाव कशाला सांगू? उघडले की पांढरा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरे आणि गरगर फिरणारे एक चाक. बाबा चौथी शिकलेले. चाक फिरते आहे म्हणजे काम चालू आहे, की अडले आहे, हे त्यांना कोण सांगणार? थोडा वेळ वाट पाहून ते ॲप बंद करतात आणि पुन्हा उघडतात. मग फोन बिचारा सारी जुळणी पहिल्यापासून मांडतो! शेवटी ते फोन माझ्या हाती देतात. “तूच पाह्य माय, मले नाही समजत.” शेती त्यांची, पीक त्यांचे, घाम त्यांचा, आणि समजत नाही तेही त्यांनाच, असे का व्हावे?

हा प्रश्न डोक्यात असतानाच माझ्या मामेभावाने आईच्या बचत गटासाठी हिशेबाचे एक छोटेसे ॲप करायला घेतले. तो वर्ध्याला संगणकाचा अभ्यासक्रम शिकतो. मला म्हणाला, “तुले रांगोळी चांगली येते, मंग पहिलं चित्रही तूच काढ.” गटात बारा बाया. दर महिन्याची बचत, कर्जाचे हप्ते, व्याज हे सगळे एका लांबट वहीत. त्यांच्यापैकी काहींना सहीपुरतेच लिहिता येते. घामाचे पैसे दिसेनाशा जागी ठेवायचे म्हटल्यावर त्या बिचकणारच!

मी कागदावर तीन चित्रे काढली: रुपयाचे नाणे, कापसाचे फुटलेले बोंड आणि गटाची लोखंडी पेटी. बैठकीत तिन्ही कागद सतरंजीवर मांडले आणि गप्प बसले. नाणे कोणालाही आपले वाटले नाही. बोंड पाहून एक काकू हसल्या, “हे तं बियाण्याच्या थैलीवर असते!” पेटीच्या चित्रावर मात्र आईने बोट ठेवले. “हे आपली पेटी हाये. कुलूपही तेच हाये.” निर्णय झाला.

मग दादाने माप सांगितले. खूण २८८ मापाच्या चौकोनात काढली तरी दिसते ती मधल्या १९२ मापाच्या वर्तुळात. कोपरे कापले जातात. पेटी पडली चौकोनी! ती लहान केली, कड्या आत घेतल्या, कुलूप मोठे केले. खाली नावासाठी एक चिंचोळी पट्टी मिळते. त्यात गटाचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिले, मराठी वळणाच्या ‘ल’सह. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी नीट दिसावी म्हणून र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हे अक्षरवळण घडवले होते. किती समर्पक नाव! अक्षर ओळखीचे दिसले की मन आधी आत जाते, मग पाऊल.

एका गोष्टीवर मात्र आमचा वाद झाला. दादाचे म्हणणे, “एवढं चांगलं चित्र आहे, तीन सेकंद तरी थांबवू.” मी म्हटले, नाही. प्रभातची तुतारी ऐकणारा प्रेक्षक दोन-अडीच तासांसाठी बसलेला असे. आपल्या बाया हप्ता पाहायला येणार, आणि तोही चुलीवर भाजी ठेवून! अँड्रॉइडचा सल्लाही असाच आहे: खूण हलती असली तरी तिने एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेऊ नये. काम झाले असताना केवळ शोभेसाठी माणसाला दारात उभे करणे, याला स्वागत म्हणत नाहीत. दादा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “तुयं खरं हाये.” पेटी दिसते आणि हिशेब तयार होताच बाजूला होते.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. दारात ओळखीची एखादी खूण दिसली, तर पाय किती निर्धास्त पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. उद्या आपल्यातलेच कोणी फॉर्म तयार करतील, पाट्या लिहितील, ॲप बांधतील. त्यांनी बांधकामाआधी एकदा सतरंजीवर कागद मांडून गप्प बसावे, एवढेच मला सुचते.

आज बारापैकी नऊ बाया आपला हप्ता स्वतः उघडून पाहतात. आई त्यात आहे. तिघींचा विश्वास अजून लांबट वहीवरच आहे. म्हणून गटाने वही बंद केलेली नाही. यंदा नवी आणली, तेव्हा तिच्या पहिल्या पानावरचा ‘श्री’ मीच काढला.