शांत, आज्ञाधारक

आमच्या थोरल्या लेकीची सगळी प्रगतिपुस्तके आम्ही जपून ठेवली आहेत. बहुतेकांत शेरा एकच : ‘शांत, आज्ञाधारक.’ तो वाचून आम्ही उभयता सुखावत असू. गेल्या वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले, तेव्हा ती पुस्तके पुन्हा उघडली. आम्ही स्वतः कचेरीत कारकून. फाईल न वाचता शेरा मारणे काय असते, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

आमच्या पुतण्याचे मात्र चौथ्या वर्षीच कळले. मुलगा बोलत नाही, खेळण्यातल्या गाड्या रांगेने लावत बसतो, म्हणून सगळ्या घराने धावपळ केली. लेकही बांगड्यांचे तुकडे रंगांप्रमाणे लावत तासन्‌तास बसे, पण आजी म्हणे, “पोर नीटनेटकी आहे.” ती पाहुण्यांपुढे येत नसे, तर सगळे म्हणत, “लाजरी आहे, मुलीच्या जातीला शोभतं.” मुलाचा अबोला आजार ठरला, मुलीचा गुण ठरला. जन्मावरून माणसाला चौकटीत बसवू नका, असे सभांतून सांगणारे आम्ही. पण घरात ‘मुलीची जात’ हा शब्द आम्हांला कधी खटकला नाही.

बाराव्या वर्षी एका डॉक्टरांना दाखवले होते. “नजर देऊन बोलते, हिला कसला ऑटिझम?” म्हणून त्यांनी परत पाठवले. लेक आता सांगते, “मी डोळ्यांत नाही, भुवयांकडे बघत होते. ताईचं बघून शिकले होते.” मामेबहिणीचे हसणेही तिने आरशापुढे पाठ केले होते. लग्नाच्या हॉलमध्ये ती सर्वांशी गोड वागे आणि घरी आल्यावर दोन दिवस अंधारात पडून राही. आम्ही त्याला आळस म्हणालो.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी या अवस्थेवर गाजलेला निबंध लिहिला. त्यातील ११ मुलांत ८ मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी ज्या चौघांचे वर्णन केले, ते चौघेही मुलगेच. मोजपट्टीच मुलग्यांवरून बनली. दुसऱ्यांचे वागणे पाठ करून दिवस काढणाऱ्या कितीतरी मुली तिच्यातून निसटल्या.

निदान झाले त्या रात्री लेक म्हणाली, “बाबा, म्हणजे मी खोटी नव्हते, दमलेली होते.” आणि थोड्या वेळाने, “पण यातलं माझं काय आणि मुलगी म्हणून पाठ केलेलं काय, ते मलाच कळत नाही.” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता ती शोधते आहे. केस आखूड केले, बांगड्या काढल्या. नातेवाईक म्हणाले, आजारामुळे बाईपण सोडले. ती शांतपणे म्हणाली, “बांगडीचा आवाज टोचतो तो ऑटिझममुळे. तरी घालच म्हणता, ते मी मुलगी म्हणून. हात एकच आहे, माझा.”

बंधु-भगिनींनो, प्रत्येक अबोल मुलगी स्वमग्न नसते. पण आवाज, कपडा, गर्दी तिला लहानपणापासून सोसत नसेल, चारचौघांत वावरून ती गळून जात असेल, तर कौतुक करून मोकळे होऊ नका. तिला विचारा, जाणकारांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याचा दाखला घेण्यात कमीपणा नाही. आम्ही एकोणीस वर्षे उशिरा विचारले.