वीट फोडणारा हात

आमची शाळा उर्दू माध्यमाची, धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. आम्ही म्हणजे उर्दू, मराठी आणि विज्ञान शिकवणाऱ्या तिघी जणी. समग्र शिक्षा योजनेतून मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण येते, त्याची जबाबदारी आमच्याकडे असते. तीन महिने कराटे शिकवायला बाहेरून एक सर येतात. सलवार-कमीज, डोक्याला बांधलेली ओढणी आणि अनवाणी पाय, अशा मुली मैदानावर रांगेत उभ्या राहतात. सुरुवातीला कुंपणापलीकडे बघ्यांची गर्दी असे, म्हणून आम्ही मैदानाच्या त्या बाजूला जुना मांडव लावून घेतला.

तीन महिने संपले की पालकांसमोर प्रात्यक्षिक होते. पाय कसा टाकायचा, मनगट कोणी धरले तर ते अंगठ्याच्या बाजूने कसे सोडवायचे, हे मुली करून दाखवतात तेव्हा पालक आपसांत बोलत असतात. मग विटा येतात आणि सगळे मोबाईल वर जातात. आठवीतल्या सहा मुलींनी एकेक वीट हाताच्या कडेने फोडली. सरांनी तीन विटा एकावर एक ठेवून फोडल्या. टाळ्या, शिट्ट्या, माशाअल्लाह. एका अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले.

कार्यक्रम संपल्यावर एक पालक मैदानातच रेंगाळले. दिवाळीनंतर पावसापर्यंत ते बायकोसह वीटभट्टीवर असतात. मजुरी हजार विटांमागे ठरते, त्यामुळे वीट म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. त्यांची मुलगी त्या सहा जणींपैकी एक. त्यांनी दोन तुकडे उचलले, एकमेकांवर वाजवले, कानाशी नेले आणि हसू दाबत म्हणाले, "बाजी, ये तो पूरी भुनीच नहीं. हाथ कायकू लगाना, हाथ से छूटी तो भी फुटती."

मग त्यांनी आम्हाला वीट शिकवली. पूर्ण भाजलेली वीट दुसरीवर वाजवली की खणखणीत आवाज देते. कमी भाजलेली ठस्स करते, रंगाने पिवळसर असते आणि नख ओढले तर ओरखडा उठतो. भट्टीत कडेच्या थरांना धग कमी लागते, तिथे अशा विटा जास्त निघतात. पक्की वीट मीटरभर उंचीवरून जमिनीवर टाकली तर फुटू नये, ही बांधकामावरची साधी परीक्षा. आमच्यातल्या विज्ञानाच्या बाजींनी उरलेल्या विटांपैकी एक लगेच टाकून पाहिली. तिचे तीन तुकडे झाले.

खरे तर विटा फोडणे हा गवंड्याचा रोजचा उद्योग आहे. भिंतीच्या कोपऱ्याला अर्धी वीट लागली की तो डाव्या हातात वीट धरतो, थापीच्या कडेने एक टोला देतो आणि हवी तिथे दुभंगवतो. दिवसात अशा कितीतरी. त्याचा मोबाईलवर व्हिडिओ कोणी काढत नाही.

वीट हाताने का फुटते, हे आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात खडूवर दाखवले. खडू दोन बोटांत टोकांकडून कितीही दाबा, सहसा तुटत नाही. दोन्ही टोके धरून जरा वाकवा, लगेच कट्. विटेचे तेच आहे. वरून येणारा दाब ती पेलते, म्हणून तर तिच्यावर मजले उभे राहतात. ताण मात्र तिला सोसवत नाही. दोन टोकांना आधार देऊन मध्यभागी फटका मारला की वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि चीर खालून सुरू होऊन वर येते. जमिनीवर सपाट ठेवलेली तीच वीट तशी फुटणार नाही. म्हणजे निम्मे काम हात उचलण्याआधी, वीट ठेवतानाच झालेले असते.

उरलेले निम्मे वेगाचे. अमेरिकेत मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क यांनी कराटेच्या फटक्याचा अभ्यास केला आणि 1979 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये तो छापून आला. सरावलेल्या माणसाचा हात खाली येताना सेकंदाला 10 ते 14 मीटर इतका वेग गाठतो, आणि माणसाचे हाड काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त ताण सहन करते, असे त्यांना आढळले. यातले मॅकनेअर स्वतः कराटेचे ब्लॅक बेल्ट होते. पुढे ते अंतराळवीर झाले आणि 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटात गेले. मुलींना विटेपेक्षा मॅकनेअरमध्येच जास्त रस वाटला. लेसरवर डॉक्टरेट करणारा माणूस कराटेही करतो, ही गोष्ट दोन दिवस वर्गात पुरली.

मग हातचलाखी कुठे असते? सरांच्या तीन विटांच्या मध्ये पेन्सिलचे तुकडे होते, हे मागच्या रांगेतल्यांना दिसले नसेल. फट ठेवली की हाताला एका वेळी एकाच विटेशी झुंजावे लागते, आणि वरची फुटताना खालचीला धक्का देते. फट नसेल तर तिन्हींचा सामना एकदम. आणखी एक जुनी युक्ती आहे. विटेचे एक टोक दुसऱ्या हाताने किंचित उचलून धरायचे, खाली दगड. फटका बसताच वीट दगडावर आपटते. फोडतो दगड, नाव हाताचे. मिरवणुकीत छातीवर फरशी ठेवून घणाने फोडतात, त्यातही छातीचा पराक्रम थोडाच. फरशी जितकी जड, तितका घणाचा धक्का तीच पिते आणि खालच्या माणसाला कमी पोहोचतो. अर्थात हिशेब चुकला तर बरगड्या त्याच्याच. अंगावर ट्यूबलाइट फोडणारी मुलेही आम्ही पाहतो. त्या नळीत पारा असतो, आणि काच डोळ्यात जायला निमित्त लागत नाही. मोहर्रमच्या आखाड्यात लाठी आणि बनेटी फिरवणारे बुजुर्ग अजून काही गावांत आहेत. त्यांच्याकडे शिकायला वर्षे लागतात. ट्यूबलाइटला पन्नास रुपये.

हे सगळे आम्ही सरांना विचारले. तोंडावरच विचारले, कारण मुली आमच्या होत्या. भट्टीवरचे ते पालक एक खणखणीत वीट पिशवीत घालून सोबत आले होते. सरांनी ती हातात घेतली, वाजवून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "ही माझ्याच्यानं फुटेल की नाही, सांगता येत नाही, चाचा. फुटली तरी आठ दिवस हात सुजेल." हे ऐकून आमच्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. मग त्यांनी आपली बाजू मांडली. मुलींसाठी ते मुद्दाम कमी भाजलेल्या विटा निवडतात. फटका मारताना मुलगी शेवटच्या क्षणी घाबरते आणि हात मागे ओढते. वीट फुटली तर जोर तुकड्यांबरोबर निघून जातो. नाही फुटली तर सगळा हातावर उलटतो. म्हणजे अर्धवट भीतभीत मारलेला फटकाच हात दुखावतो. न थांबता, विटेच्या पलीकडे नजर ठेवून हात टाकायचा, एवढे तिला एकदा कळावे, म्हणून वीट.

यात तथ्य आहे, हे आम्ही नाकारत नाही. कराटेत या प्रकाराला तामेशिवारी म्हणतात, म्हणजे फोडून पाहण्याची परीक्षा. क्योकुशिन शाखेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांनी तिला मोठे स्थान दिले. त्यांच्या स्पर्धांत सामना बरोबरीत राहिला तर कोणी किती फळ्या फोडल्या, याचाही हिशेब होतो. पण तिथेही ती मोजणी लढतीच्या मागून येते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे खेळले गेले, तिथे काता होता, कुमिते होता, फोडणे कुठेच नव्हते. उलट कुमितेत चेहऱ्याकडे झेपावलेला ठोसा कातडीशी आवरता आला पाहिजे. जोराने लागला तर दंड मारणाऱ्याला.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मर्दानी खेळातला दांडपट्टा. 2024 मध्ये राज्य शासनाने त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. माणसाच्या उघड्या तळहातावर लिंबू ठेवतात आणि पट्ट्याच्या एका फेकीत ते चिरतात. तळहाताला ओरखडा नाही. लिंबू तर आमच्या स्वयंपाकघरातली सुरीही कापते. पाते जिथे थांबते तिथे सगळी विद्या आहे. पाहणाऱ्याला मात्र फक्त लिंबाच्या दोन फोडी दिसतात.

प्रात्यक्षिकानंतर दहा दिवसांत दोन गोष्टी घडल्या. त्या सहा जणींपैकी एकीच्या सहावीतल्या भावाने गल्लीत पैज लावली आणि बांधकामावरच्या पक्क्या विटेवर मूठ आपटली. करंगळीच्या मागचे, तळहातातले हाड मोडले. तीन आठवडे प्लास्टर, आणि तेही उजव्या हाताला, घटक चाचणीच्या तोंडावर. डॉक्टरांनी घरच्यांना समजावले की वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळा भाग असतो, हाड तिथूनच वाढते. पुन्हा पुन्हा कठीण वस्तूवर आपटून तो दुखावला तर हाड वाकडे वाढू शकते. हात 'पक्का' करण्यासाठी पोरे भिंतीवर ठोसे मारतात, त्यांच्यासाठीही हेच. त्या घरातल्या दादींनी मात्र दोष मुलीवर टाकला. लड़की ने दिखाया, तो लड़के ने किया. मुलीचे कराटे बंद.

दुसरी गोष्ट त्याहून शांत होती आणि आम्हाला जास्त लागली. एक अम्मी येऊन म्हणाल्या, आता आमची पोरगी संध्याकाळच्या शिकवणीहून एकटीच येईल, मी स्टँडवर न्यायला जायचे बंद केले. वीट फोडते ना ती.

वीट आपल्या जागी बसून असते. स्टँडवर मागून येणारा माणूस बसून नसतो. तो जड असतो, हालतो, धरतो, आणि तो एकटाच असेल असेही नाही. तेरा वर्षांच्या मुलीने त्याच्याशी लढायचे नसते. सुटायचे असते, पळायचे असते, लोकांत यायचे असते. सर हे तीन महिने रोज सांगत होते. एका पिवळसर विटेने ते सगळे पुसून टाकले. त्या अम्मींना आम्ही बसवून घेतले, चहा दिला आणि स्टँडवर जाणे चालू ठेवा असे सांगितले. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही नंबर मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले. त्यांचा चेहरा उतरला. आपण मुलीची तारीफ कमी करतो आहोत, असे त्यांना वाटले असावे.

दादींकडे आम्ही तिघीही गेलो. वाद घातला नाही. मुलगा प्लास्टर दाखवत फिरत होता, आणि मुलगी दाराआड उभी होती. दादींना एवढेच विचारले, मुलगा मोटारसायकलवरून पडला असता तर मोटारसायकल विकली असती का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मुलगी मैदानावर आली. ओढणीची गाठ दादींनीच बांधून दिली होती, असे तिने सांगितले.

पुढच्या प्रात्यक्षिकातून विटा काढून टाकायचे ठरले. सरांनी फार ताणले नाही. मुख्याध्यापकांना मात्र चिंता होती की मग पालक येणार कशाला. त्यांची चिंता खोटी नव्हती, खुर्च्या निम्म्या रिकाम्या राहिल्या. मुलींनी मनगट सोडवून दाखवले, मागून ओढणी खेचली तर मान कशी वाचवायची ते दाखवले, आणि मग आरडाओरडा करून दाखवला. हा भाग आम्हाला सगळ्यांत अवघड गेला होता. फटक्याबरोबर कराटेत पोटातून आवाज काढायचा असतो, त्याला किआय म्हणतात. हात उचलायला मुली आठवडाभरात शिकल्या. आवाज काढायला दीड महिना लागला. आपल्या घरांतून मुलीला बोलायला शिकवण्याआधी हळू बोलायला शिकवतात. चाळीस मुली मैदानात उभ्या आणि ऐकू येतो तो फक्त कावळा, असे कित्येक तास गेले. सर्वांत आधी मोठा आवाज निघाला तो भट्टीवरच्या त्या पालकांच्या मुलीचा. भट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाका मारायची तिला सवय होती.

आता गुरुवारी चौथ्या तासाला सगळ्यांचा आवाज एकदम निघतो. पहिल्या वेळी शेजारचे किराणा दुकानदार तराजू टाकून धावत आले होते, क्या हुआ, क्या हुआ करत. दुसऱ्या वेळीही आले. आता येत नाहीत, गुरुवार आहे हे त्यांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे सध्या आम्ही मुलींना नुसते ओरडायला नाही, तर समोर दिसेल त्या एका माणसाकडे बोट दाखवून, "ओ निळे शर्टवाले चाचा, इकडे या" अशी हाक मारायला शिकवतो आहोत. सोमवारी त्यांनी सराव म्हणून मुख्याध्यापकांना हाक मारली. ते ऑफिसातून चप्पल न घालताच बाहेर आले.