जोड्या लावा : तत्त्वज्ञ आणि राजे

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात अठराव्या शतकातील युरोप हा विषय आला, की विद्यार्थ्यांच्या वह्यांत एक ठरावीक तक्ता उमटतो. डाव्या स्तंभात विचारवंत, उजव्या स्तंभात राज्यकर्ते आणि मध्ये बाण. व्हॉल्टेअरकडून निघालेला बाण प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिककडे जातो, दिदेरोकडून निघालेला रशियाच्या दुसऱ्या कॅथरिनकडे. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफसमोर कोणाला बसवावे हे नीट सुचत नाही, म्हणून तेथे माँटेस्क्यूपासून बेकारियापर्यंत सगळ्यांची नावे दाटीवाटीने लिहिली जातात. वर मथळा असतो 'प्रबुद्ध राजेशाही'. शाळेतल्या 'जोड्या लावा'चाच हा थोरला भाऊ.

परीक्षेपुरते त्याने भागते. प्रबंधिकेचा विषय निवडण्याची वेळ आली, की मात्र त्या बाणाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. विचार डावीकडून उजवीकडे गेले असे बाण सांगतो. कसे गेले, वाटेत त्यांचे काय झाले आणि उलट दिशेने काय आले, याविषयी तो गप्प असतो. हा धागा त्या बाणाविषयी आहे.

(आधी शब्दाचा एक घोळ निस्तरायला हवा. 'प्रबोधन' हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत रेनेसाँससाठी वापरला जातो आणि अठराव्या शतकातील या वैचारिक चळवळीसाठीही. दोहोंत अडीच-तीनशे वर्षांचे अंतर आहे. म्हणून येथे 'ज्ञानोदय'.)

मथळ्याचे वयही पाहण्यासारखे आहे. 'प्रबुद्ध राजेशाही' ही संज्ञा रूढ केली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील जर्मन इतिहासकारांनी, म्हणजे हे राजे आणि हे तत्त्वज्ञ मातीआड गेल्यावर. हे लेबल क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तरी चित्र हलू लागते.

उदाहरणार्थ, १७४०. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हेग येथे मॅकियाव्हेलीचे खंडन करणारा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक होता फ्रेडरिक आणि हस्तलिखितावर हात फिरवला होता व्हॉल्टेअरने. राजा प्रजेचा पहिला सेवक असावा, लोभापायी केलेले युद्ध अन्याय्य, अशी त्यातील भूमिका. मे महिन्याच्या अखेरीस गादीवर बसलेल्या फ्रेडरिकने काही दिवसांतच, थोडे अपवाद राखून, न्यायालयीन छळ बंद केला होता, हेही खरे. आणि डिसेंबरमध्ये त्याचे सैन्य सायलेशियात घुसले. पुढे १७५० मध्ये व्हॉल्टेअर पॉट्सडॅमला राहायला गेला. १७५२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याच राजाच्या आज्ञेने बर्लिनमध्ये व्हॉल्टेअरची एक पुस्तिका जाहीरपणे जाळण्यात आली आणि १७५३ च्या उन्हाळ्यात फ्रँकफुर्टमध्ये, राजाच्या कवितांची प्रत परत द्यावी म्हणून, या जगद्विख्यात लेखकाला काही आठवडे अडकवून ठेवले गेले. बाण कोणत्या दिशेने काढायचा?

जोसेफची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १७८१ मध्ये भूदासांना वैयक्तिक स्वातंत्र्य आणि धार्मिक सहिष्णुता यांविषयीच्या आज्ञा काढणारा हाच राजा, १७७७ मध्ये व्हॉल्टेअरच्या फर्ने गावाजवळून गेला. म्हातारा वाट पाहत होता. जोसेफ थांबला नाही. ज्याने सर्वांत अधिक बदल करून पाहिले, त्याला तत्त्वज्ञाच्या भेटीची गरज वाटली नाही. विद्यार्थ्याच्या तक्त्यात हे कोठेच बसत नाही आणि म्हणूनच ते टिपून ठेवण्याजोगे आहे.

खरा ऐवज मात्र दिदेरो आणि कॅथरिन यांच्या व्यवहारात आहे. 'व्यवहार' हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

१७६५ साली दिदेरो बावन्न वर्षांचा होता. आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे विश्वकोशाच्या संपादनात गेली होती आणि एकुलत्या मुलीच्या लग्नासाठी हुंड्याची तजवीज नव्हती. त्याने स्वतःचे ग्रंथालय विकायला काढले. कॅथरिनने ते १५,००० लिव्रना विकत घेतले, पुस्तके त्याच्याकडेच राहू दिली आणि वर त्यालाच त्यांचा ग्रंथपाल नेमून वर्षाला १,००० लिव्र वेतन बांधून दिले. पुढे एका वर्षी वेतन वेळेवर पोहोचले नाही, तेव्हा तिने पुढील पन्नास वर्षांचे वेतन, म्हणजे ५०,००० लिव्र, एकरकमी पाठवून दिले. ते सारे फेडायचे तर ग्रंथपालाला शंभरी ओलांडावी लागली असती. पॅरिसमध्ये तिच्या औदार्याचा जयजयकार झाला. एका सम्राज्ञीला युरोपभर इतकी कीर्ती याहून स्वस्तात मिळाली नसती.

१७६७ मध्ये तिने कायदेमंडळासाठी आपला प्रसिद्ध 'नकाझ', म्हणजे अनुदेश, जाहीर केला. पाचशेहून अधिक कलमे, त्यांतील पुष्कळशी माँटेस्क्यू आणि बेकारिया यांच्या ग्रंथांतून उचललेली. तिने ते लपवलेही नाही. कायदेमंडळाचे काम सुरू होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच दुसरी आज्ञा निघाली : भूदासांनी आपल्या मालकाविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे गाऱ्हाणे नेऊ नये, नेल्यास शिक्षा. संदर्भपुस्तकांत यांतील पहिला दस्तऐवज तत्त्वज्ञानाच्या प्रकरणात येतो आणि दुसरा शेतकरी उठावांच्या. दोन्ही एकाच हाताचे आहेत हे वाचकाच्या लक्षात यावे, अशी पुस्तकांची रचनाच नसते.

दिदेरो सेंट पीटर्सबर्गला पोहोचला ऑक्टोबर १७७३ मध्ये. वय साठ, प्रकृती ढासळलेली. पुढील काही महिने तो सम्राज्ञीच्या दालनात वारंवार जाऊन तासन् तास बोलत असे. बोलण्याच्या भरात तो तिच्या मांडीवर थापा मारी, म्हणून तिने मध्ये मेज ठेवले, ही कथा सर्वांना पाठ असते. ज्या आठवड्यांत हे संवाद चालू होते, त्याच आठवड्यांत याइक नदीकाठी एमिल्यान पुगाचोव नावाचा एक कझाक, आपण कॅथरिनचा मृत पती तिसरा पीटर आहोत असे सांगत, हजारो माणसे गोळा करत होता. याच पुगाचोवने पुढच्या वर्षी भूदासांना स्वातंत्र्य देण्याची घोषणा केली. दालनातला संवाद आणि नदीकाठचा वणवा, दोन्हींचा विषय एकच होता.

दिदेरोने तिला तोंडावर काही विचारलेच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. त्याने लेखी प्रश्नावली दिली होती. जमीनमालक आणि भूदास यांच्यातील संबंध कोणत्या अटींवर चालतात, असा एक प्रश्न तीत होता. कॅथरिनच्या उत्तराचा आशय असा, की निश्चित अटी अशा काही नाहीत. पण शहाणा धनी आपल्या गाईचे हाल करत नाही, कारण तिचे दूध त्यालाच काढायचे असते. एखाद्या अभ्यासकाला राजवटीचे मर्म एका उत्तरात हवे असेल, तर ते येथे आहे.

मार्च १७७४ मध्ये दिदेरो परत निघाला. वाटेत हेग येथे मुक्काम असताना त्याने 'नकाझ'वर टिपणे लिहिली. खरे सार्वभौमत्व राष्ट्राचेच, खरा कायदेकर्ता प्रजेवाचून दुसरा कोणी नाही, हा त्यांचा गाभा. ज्या बाईच्या पैशांवर तो निर्धास्त झाला होता, तिच्याविषयी 'निरंकुश' हा शब्द वापरायला तो येथे कचरला नाही. पण त्याने ती टिपणे छापली नाहीत. जुलै १७८४ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी करारानुसार त्याची पुस्तके आणि हस्तलिखिते रशियाला गेली आणि त्यांत कॅथरिनला ती टिपणे सापडली. तिने ग्रिमला संतापून लिहिले, की ही निव्वळ बडबड आहे, या माणसाला वस्तुस्थितीचे ज्ञान नाही. शंभराहून अधिक वर्षे ती टिपणे छापली गेली नाहीत.

तर मग दिदेरो विकला गेला होता काय? चर्चासत्रांत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्साही विद्यार्थी लगेच 'होय' किंवा 'नाही' अशी बाजू घेतात. कागद दोन्हींना पुरेसा आधार देत नाहीत. उघडपणे त्याने तिची स्तुती केली. समोरासमोर अडचणीचे प्रश्न विचारले. सर्वांत कठोर ते लिहून पेटीत ठेवले. उपकार, वय, मुलीचा संसार आणि श्रद्धा या चारही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदत होत्या. त्याच्या मौनाला भ्याडपणा म्हणण्यापूर्वी, ती पेटी अखेर कोणाच्या हाती जाणार हे त्याला नऊ वर्षे आधीपासून ठाऊक होते, एवढे ध्यानात घ्यायला हवे.

याच प्रकरणात साधनचिकित्सेचाही चांगला धडा आहे. तत्त्वज्ञाचा कागद सारे काही सोसतो, पण सम्राज्ञीला जिवंत माणसांच्या कातडीवर लिहावे लागते, अशा आशयाचे कॅथरिनचे उद्गार प्रत्येक पुस्तकात आढळतात. ते येतात फ्रेंच राजदूत सेगुर याच्या आठवणींतून. सेगुर रशियात आला १७८५ मध्ये, दिदेरो परतल्यावर अकरा वर्षांनी आणि तिने ती टिपणे वाचली त्याच वर्षी. आठवणी छापल्या गेल्या १८२० च्या दशकात. म्हणजे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे हे वाक्य एका दुखावलेल्या श्रोतीने सांगितलेले आणि मुत्सद्द्याने सुमारे चाळीस वर्षांनी कागदावर उतरवलेले आहे. कदाचित ते खरेही असेल. १७७४ च्या भेटीचा पुरावा म्हणून मात्र ते वापरता येत नाही.

मराठी विद्यार्थ्याला या युगाचा एक धागा घराजवळच सापडतो. व्हॉल्टेअर पॉट्सडॅमला गेला त्याच १७५० साली, फ्रेडरिकच्याच राज्यात जन्मलेला आणि हाले येथे शिकलेला ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरला. तो तत्त्वज्ञ नव्हता, धर्मोपदेशक होता. पण हालेच्या शाळा वनस्पतिशास्त्र, यंत्रे, नकाशे यांना अभ्यासात जागा देत आणि ती रीत त्याच्याबरोबर आली. तंजावरच्या तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा तो पालक आणि शिक्षक झाला. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. मग या मराठी राजाने सरस्वती महालात युरोपीय ग्रंथ आणवले, देवनागरी छापखाना घातला, नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. कॅथरिनकडे तत्त्वज्ञ होते आणि कातडीवर लिहिण्याची सत्ताही होती. सरफोजींकडे ग्रंथ होते आणि किल्ल्याबाहेर हुकूम चालत नव्हता. 'प्रबुद्ध राजेशाही'च्या तक्त्यात त्यांना कोठे बसवायचे, हा प्रश्न प्रबंधिकेच्या योग्यतेचा आहे.

त्यासाठी फ्रेंच येण्याची गरज नाही. तंजावरच्या दरबारी कागदांची मोठी संख्या मराठीत, मोडी लिपीत आहे. कोणत्या ग्रंथाला किती पैसे पडले, नव्या शाळांत कोणाची मुले बसत, शिक्षकांना वेतन काय मिळे, हे प्रश्न अशा कागदांनाच विचारावे लागतात. मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत भरतात आणि काही महिन्यांच्या सरावाने अक्षर लागू लागते.