मॅडम, किती ओळी?

दहावीच्या मुलांना कविता भेटते ती रसग्रहणाच्या प्रश्नात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये पाठ केली की गुण पक्के. त्यामुळे शाळेत समुपदेशक म्हणून मी ‘आज कविता लिहू या’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “मॅडम, किती ओळी?”

मला कवी घडवायचे नसतात. चौदा-पंधराव्या वर्षी राग, लाज, मत्सर, कुणाबद्दलची ओढ असं सगळंच उसळत असतं. पण ‘काय झालंय?’ विचारलं की उत्तर एकच, ‘काही नाही.’ म्हणून मी भावनांवर लिहायला सांगतच नाही. सांगितलं की आई, पाऊस आणि मैत्री हजर होतात, तयार कपड्यांत. त्याऐवजी मी म्हणते, एखाद्या वस्तूशी बोला. दप्तराची तुटलेली चेन, तडा गेलेला मोबाइल, काहीही. एका मुलीनं लिफ्टमधल्या आरशाशी बोलत लिहिलं: घरातून निघाल्यावर चेहरा नीट करायचा असतो, पण मजले फार लवकर संपतात. घरातल्या भांडणाचा त्यात एक शब्दही नव्हता.

आपल्याकडे ही रीत जुनीच. जात्यावर बसलेली बाई सासुरवास सांगायची तो जात्याला. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकारानं अशा लाखाच्या घरात ओव्या गोळा झाल्या. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, जपल्या म्हणून त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकात आल्या. मुलांनाही असाच, न सुधारता ऐकणारा कुणीतरी हवा असतो.

‘कविता’ ऐकून तोंड वाकडं करणारे मुलगे ‘रॅप’ म्हटलं की बाक वाजवायला लागतात. मग रॅप तर रॅप. पहिल्या खर्ड्यात शिव्याही चालतात, यमकाची सक्ती मात्र नको. जुळवायच्या नादात मूल भलतंच लिहून बसतं.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ सालच्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पण ते गद्य होतं, आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला. कवितेला औषध म्हणायला मी धजत नाही.

मला खरी भीती वाटते ती कौतुकाची. वर्गात मनापासून लिहिलेलं स्नेहसंमेलनात माइकवर वाचायला लावलं, की ते मूल पुढच्या खेपेला टाळ्यांसाठी लिहितं.

तेव्हा पालकांनो, वही चोरून वाचू नका. मुलानं स्वतःहून दिली, तर ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या आणि ‘हे कुणाबद्दल?’ असं लगेच विचारू नका. मात्र ओळींत मरणाची भाषा असेल, तर कविता म्हणून सोडून न देता मुलाला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. मदतीला ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे.