चामड्यातला खिळा

'चामखीळ' हा काही कुणाचा आवडता शब्द नसणार. पण फोडून बघा: चाम म्हणजे चामडं, खीळ म्हणजे खिळा. चामड्यात ठोकलेला खिळा! कामाला बसते तीच ही खीळ.

शब्द जुना आहे. संस्कृतात तो 'चर्मकील'. सुश्रुतसंहितेत तो सापडतो चक्क मूळव्याधीच्या, म्हणजे अर्शाच्या अध्यायात. त्वचेवर खिळ्यासारखे घट्ट बसलेले मांसाचे अंकुर, ते चर्मकील. मूळव्याधीच्या अंकुरांना आपण मराठीत 'मोड' म्हणतो, मटकीला येतात तसे. तीळ तर तीळच. 'मशक' नावाच्या काळ्या उंचवट्याला सुश्रुताने उडदाची उपमा दिली आहे. आपल्या अंगावर काय उगवलंय हे सांगायला पूर्वजांनी स्वयंपाकघरातले डबे उघडले. चामखिळीसाठी मात्र सुताराची पेटी.

ग्रीकांनी नाकात वाढणाऱ्या मांसाला 'अनेक पायांचा' म्हटलं, म्हणजे ऑक्टोपस. आजचा 'पॉलिप' तिथूनच आला.

गंमत इथवर ठीक आहे. पण नाव खिळ्याचं असलं की माणसं तो उपटायला बघतात. माझ्या आईच्या मानेवर सात-आठ चामखिळी आहेत. "मंगळसूत्र घासून येतात गं," असं ती म्हणायची. कुणी सांगितलं घोड्याच्या शेपटीचा केस बांध, कुणी म्हणालं चुना लाव. तिने केस बांधून पाहिला. ती जागा चिघळली, म्हणून डॉक्टर गाठले.

त्यांनी सांगितलं की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. खरखरीत, कडक असते ती विषाणूमुळे येते आणि पसरू शकते. मऊ, देठाला लोंबणारी असते ती निरुपद्रवी. मान, काख अशा घासणाऱ्या जागी ती येते, म्हणजे मंगळसूत्राचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण अशा बऱ्याच असल्या तर साखर तपासावी, कारण मधुमेह आणि वाढलेलं वजन असणाऱ्यांत त्या जास्त दिसतात. प्रत्येक चामखीळ म्हणजे मधुमेह नव्हे. आईच्या बाबतीत मात्र रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली.

इतकी वर्षं घरात त्या चामखिळींबद्दल बोलणं व्हायचं ते लग्नकार्याच्या आधी, फोटोत दिसतील म्हणून. पदर नीट घे, केस मोकळे सोड. त्या दिसू नयेत एवढंच सगळ्यांना हवं होतं. त्या का आल्या, हे कुणी विचारलं नाही, आणि बाईच्या मानेबद्दल ते कोण विचारणार?

आता आई गोळ्या घेते, संध्याकाळी चालायला जाते. चामखिळी आहेत तशाच आहेत. काढून टाकायच्या का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "राहू देत. त्यांनीच तर सांगितलं."